बटणांची डबी आणि ट्रेमोलो

‘विकत कशाला आणायचं? मी घरी करून देतो!’

एवढंच म्हणालो होतो मी. (म्हणजे त्या दिवशी एवढंच. पुढे बरंच बोललो, आणि तेच नडलं.) आता आमच्या घरात हे वाक्य उच्चारायला मला बंदी आहे. नळाचा वॉशर गेला तरी आई आधी माझ्याकडे संशयाने बघते, मग प्लंबरला फोन करते आणि तो येईपर्यंत मला नळापासून लांबच्या खुर्चीत बसवते. मी पाणीपुरवठा कार्यालयात नोकरीला आहे, हे तिला सांगूनही काही फरक पडत नाही.

तर झालं असं. माझी बायको विजेवरची गिटार वाजवते, म्हणजे ॲम्प्लिफायर नसेल तर जवळजवळ मुकी. लग्नाआधी फार सुंदर वाजवायची असं तिची बहीण सांगते. लग्नानंतर गिटार कपाटावर गेली, गिटारवर जास्तीच्या उशा गेल्या आणि उशांवर माझी व्यायामाची पुस्तकं गेली. (पुस्तकं नवीकोरी आहेत. कोणाला हवी असतील तर सांगा.) मग एके दिवशी कळलं की हिला गिटार शिकवणारे सर गाव सोडून चाललेत. सर आता थकले होते, एकटे राहणं झेपत नव्हतं, म्हणून लांब कुठेतरी मुलाकडे कायमचे राहायला निघाले होते. जाण्याआधी सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांनी एका हॉलमध्ये जमायचं आणि प्रत्येकाने सरांना एकेक धून ऐकवायची असं ठरलं.

त्या संध्याकाळी हिने स्टुलावर चढून गिटार खाली काढली. माझी पुस्तकं, उशा आणि धूळ या क्रमाने सगळं माझ्या डोक्यावर पडलं, पण ती हसलीसुद्धा नाही. गिटार मांडीवर घेऊन नुसती बसून राहिली.

“काय झालं गं?” मी विचारलं.

“सरांनी एक धून फक्त माझ्यासाठी बांधली होती,” ती म्हणाली. “मी शिकले आणि वाजवायचं राहूनच गेलं. त्यांना तीच ऐकवायची आहे मला. आता नाही तर कधीच नाही.”

अडचण अशी होती की त्या धुनेत गिटारचा आवाज थरथरायला हवा. मोठा, लहान, मोठा, लहान, असा एका लयीत. त्याला ट्रेमोलो म्हणतात. सरांच्या जुन्या ॲम्प्लिफायरला त्यासाठी एक बटण होतं, पण तो ॲम्प्लिफायर कधीच जळून गेला. आता ट्रेमोलोचं वेगळं पेडल मिळतं. पायाजवळ ठेवायची एक डबी. गिटारची वायर तिच्यात जाते, तिथून ॲम्प्लिफायरला जाते आणि मधल्या मधे डबी आवाजाला थरथरवते.

हे सगळं ही सांगत असताना नेमका माझा साडू चहाला आलेला होता. माझा साडू हा एक स्वतंत्र विषय आहे. त्याला सगळं येतं. बरं, नुसतं येत नाही, जमतंही. त्याने घरी पाणी गाळायचं यंत्र केलंय, पाहुणा आला की आपोआप लागणारा दिवा केलाय, आणि या सगळ्याबद्दल तो कधी एक अक्षर बोलत नाही. या न बोलण्याचा मला जास्त त्रास होतो.

“मागवतो मी एक चांगलं पेडल,” साडू शांतपणे म्हणाला. “कार्यक्रमाच्या आत येईल.”

आणि तिथे माझ्या तोंडून ते वाक्य गेलं.

आईने शिवत असलेल्या उशीच्या अभ्र्यातून मान वर काढली. बायको माझ्याकडे बघत राहिली. त्या बघण्यात काळजी होती. पण त्यात थोडं कौतुकही असावं असा मी सोयीस्कर समज करून घेतला.

“तुम्ही?” ती म्हणाली.

“का? विजेचं काम मला नवीन नाही.” (आमच्या कार्यालयातला पंखा माझ्याच टेबलावर आहे.)

“अहो, हे शेवटचं वाजवणं आहे. गंमत नाही.”

“म्हणूनच तर,” मी म्हणालो. “दुकानातल्या वस्तूत जीव नसतो. घरच्या वस्तूत असतो.”

हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते साडूकडे बघून पुन्हा एकदा म्हटलं. साडू बिस्किट चहात बुडवून खात राहिला.

आता पेडल करायचं तर आधी त्याचं सर्किट निवडायला हवं. मला वाटलं होतं, ट्रेमोलो म्हणजे ट्रेमोलो, त्यात निवडायचं काय? इंटरनेटवर पाहिलं तर नमुन्यांचा बाजार भरलेला. शेवटी तीन आकृत्या छापून घेतल्या आणि कार्यालयात टेबलावर पसरून बसलो. पहिलीत एकच ट्रान्झिस्टर सगळं काम ओढत होता. ते मला पटलं नाही. आमच्या विभागात तो ट्रान्झिस्टर मीच आहे, त्यामुळे असा माणूस किती टिकतो ते मला माहीत आहे. दुसरीत एक आठ पायांची चिप होती आणि तिच्या प्रत्येक पायाला काहीतरी लटकलेलं होतं. तिसऱ्या आकृतीत मात्र एक दिवा होता.

खरं सांगतो, त्या सगळ्या आकृत्यांमधली मला नीट ओळखू आलेली ती एकमेव गोष्ट. एक छोटा दिवा, लुकलुकणारा. त्याच्यासमोर उजेड ओळखणारा एक बारीक भाग, त्याला मी डोळा म्हणायला लागलो. दिवा लागला की डोळ्याला उजेड दिसतो आणि तो गिटारचा आवाज दाबतो. दिवा विझला की आवाज सोडतो. दाब, सोड, दाब, सोड. झाली थरथर! दिवा आणि डोळा यांच्याभोवती आकृतीत एक काळी नळी काढलेली होती. ती का, ते खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. बारीक अक्षर मी वाचत नाही. चष्मा काढावा लागतो.

एवढ्यात हेडक्लार्क मागून आले. त्यांनी आकृती उचलली, लांब धरली, जवळ धरली आणि म्हणाले, “हा व्हॉल्व्ह इथे कशाला दाखवलाय?” त्यांनी बोट ठेवलं होतं ते नेमकं आवाजाच्या बटणावर. मी म्हणालो, “दाब कमी-जास्त करायला, साहेब.” ते खोटं नव्हतं. त्यांनी मान डोलावली, ‘तपासले’ असं लिहून खाली सही ठोकली आणि पुढे गेले. आता तर माझ्या सर्किटला कार्यालयीन मंजुरीच मिळाली होती. माझी छाती फुगली. (ती पुढे ज्या दिवशी बसली, त्याची ही गोष्ट.)

काम सुरू झालं. पहिला डाग जेवणाच्या टेबलावर पडला. सोल्डरिंग गन टेकवायला मी जी जागा निवडली तिथे टेबलक्लॉथ होता, एवढंच. मग माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. या खोलीला खिडकी आहे, पण तिच्यासमोर जुनी गादी उभी केलेली आहे. वर एक मरतुकडा बल्ब. मोडक्या खुर्च्या, रिकामे खोके आणि मी, असे आम्ही तिथे राहू लागलो.

पेडलला पेटी हवी होती. लोक लोखंडी पेटी वापरतात. पण लोखंडी पेटीत दिवा दिसणार कसा? आणि दिवा दिसला नाही तर हे मी केलंय, आत काहीतरी चाललंय, हे चारचौघांना कळणार कसं? मी घरभर शोधलं आणि आईची बटणांची डबी दिसली. लांबट, मजबूत, वरून स्वच्छ पारदर्शक झाकण. मी आतली बटणं माझ्या एका मोज्यात ओतली आणि डबी ताब्यात घेतली. काळ्या नळीचाही निकाल लावला. ती बसवली असती तर दिव्याचं तोंडच झाकलं गेलं असतं. एवढा सुंदर दिवा आणि त्याला बुरखा? मी म्हटलं, असल्या जुनाट कल्पना आपल्याकडे चालणार नाहीत.

आणखी एक बारीकशी गोष्ट झाली. वायरी खुपसायच्या ज्या खोबण्या मी आणल्या होत्या, त्या चुकीच्या मापाच्या निघाल्या. मग मी गिटारची वायर आणि ॲम्प्लिफायरची वायर, दोन्ही कापून थेट डबीला सोल्डर करून टाकल्या. घरात तेवढ्या दोनच वायरी होत्या. “आता निसटायचा प्रश्नच नाही,” मी हिला सांगितलं. ते मात्र अगदी खरं ठरलं.

आणि काय सांगू तुम्हाला, डबी चालली! अडगळीच्या खोलीत मी बटण दाबलं, दिवा लुकलुकायला लागला आणि हिने तार छेडली तर आवाज अस्सा थरथरत आला की मोडक्या खुर्चीत बसलेली ही एकदम ताठ झाली. डोळे पाणावले तिचे. “अहो,” ती म्हणाली, “अगदी सरांच्या ॲम्प्लिफायरसारखा!” लग्नानंतर ‘अहो’ हा शब्द तिने इतक्या मऊ आवाजात उच्चारल्याचं मला आठवत नाही. मी मनातल्या मनात साडूला तीनदा हरवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गिटार, तिचा छोटा ॲम्प्लिफायर आणि डबी घेऊन बाल्कनीत सरावाला बसली. पाचच मिनिटांत आत आली.

“आवाजच येत नाहीये हो.”

मी सगळं उचलून अडगळीच्या खोलीत नेलं, बटण दाबलं. ठणठणीत!

“बाल्कनीत पुन्हा बघूया?” ती म्हणाली.

“कशाला? चालतंय ना? तू बोट नीट दाबत नसशील.”

“मी?”

“बरीच वर्षं झाली ना. होतं असं.”

पुढचे दिवस ती माझ्याबरोबर अडगळीच्या खोलीतच सराव करत राहिली. बोटांच्या टोकांना घट्टे पडले तिच्या. रोज ती मला ते दाखवायची आणि मी म्हणायचो, “दाब, अजून दाब.” हे आठवलं की आजही मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. निघताना मी डबीतला एक टाका पक्का करत बसलो, त्यामुळे हॉलवर पोचायला उशीर झाला आणि आधी वाजवून बघायचं राहिलं. हॉल भरलेला. सर पहिल्या रांगेत मधोमध, मांडीवर शाल, दोन्ही हात काठीवर. संगीत ऐकताना सर डोळे मिटून घेतात आणि धून पूर्ण संपल्याशिवाय उघडत नाहीत, असं ही नेहमी सांगायची. त्यांच्या शेजारी मला बसवलं. मागे आई, मेव्हणी आणि बाकी मंडळी. साडू कुठे दिसेना म्हणून मला बरं वाटत होतं, तेवढ्यात कळलं की स्टेजवरच्या लाइटची सगळी जबाबदारी त्याने घेतली आहे. घेणारच.

हिचं नाव पुकारलं. ती आली, बसली, डबी पायाशी ठेवली. स्टेजवर अंधुक उजेड होता आणि त्या अंधुक उजेडात माझा दिवा लुकलुकताना सगळ्या हॉलला दिसत होता. मागून कोणीतरी म्हणालं, “काय आहे ते?” मी मुद्दाम मागे वळलो आणि मान तुकवली.

“माझी डबी!” मागून आईचा आवाज आला. “अरे, माझी बटणं कुठे टाकलीस?”

मी पुढे बघायला लागलो. हिने पहिला सूर छेडला. थरथरत, हळुवार, असा आला. सरांनी डोळे मिटले. त्यांचा हात काठीवर ताल धरू लागला. आणि नेमका त्याच क्षणी वरचा मोठा लाइट हिच्यावर आला. लख्ख. ही त्यात फार छान दिसत होती.

फक्त आवाज बंद झाला होता.

तिची बोटं चालत होती, पण ऐकू काहीच येत नव्हतं. ती थांबली. पुन्हा सुरुवात केली. शांतता. तिने माझ्याकडे पाहिलं. सरांनी डोळे न उघडताच विचारलं, “काय झालं, जावईबापू?”

इथे मी जे केलं तेही सांगतो. मी म्हणू शकलो असतो, ‘मला माहीत नाही.’ मी म्हणू शकलो असतो, ‘डबीत काहीतरी बिघडलंय.’ पण माझ्या छातीत अजून हवा होती. मी म्हणालो, “बोटं, सर. सवय राहिली नाही तिला.”

हॉल इतका शांत होता की ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. स्टेजवरही गेलं. बायकोने मान खाली घातली आणि बोटांकडे बघू लागली. स्वतःच्या त्या घट्टे पडलेल्या बोटांकडे. मला तेव्हाच कळलं की मी काहीतरी भयंकर बोललोय, पण शब्द परत घ्यायची सोय नव्हती.

मी तिरीमिरीत उठलो, स्टेजवर चढलो आणि डबीवर वाकलो. लगेच आवाज आला!

“चालतंय की!” मी म्हणालो आणि जागेवर येऊन बसलो. आवाज गेला. पुन्हा चढलो, वाकलो. आवाज आला. उतरलो. गेला. आता लोक हसायला लागले होते. मेव्हणी तोंडाला पदर लावून हलत होती. चौथ्यांदा चढलो तेव्हा मी डबीचं झाकण उघडून आतल्या वायरी जरा ढोसल्या, थोड्या दाबल्या, एकदोन वाकवल्या. आत काहीतरी टक् झालं. मी झाकण पटकन लावलं.

माझा संशय आता पक्का झाला होता. “साडूभाऊ!” मी वर बघून ओरडलो. “तुमच्या लाइनमध्ये गडबड आहे! आमचा आवाज खाताय तुम्ही!”

“माझे लाइट तर चालू आहेत,” वरून साडूचा शांत आवाज आला.

“बंद करा बघू!”

लाइट बंद झाले. हिने तार छेडली. खणखणीत आवाज!

“बघा!” मी विजयी होऊन सगळ्या हॉलकडे वळलो. “सांगितलं होतं ना? लावा आता!”

लाइट लागले. आवाज बंद. मी पुन्हा ‘बघा!’ म्हणणार होतो. पण खाली माझ्या पायाशी ती डबी होती, तिचं स्वच्छ पारदर्शक झाकण होतं, आणि त्यातून वरचा लाइट सरळ आत, त्या डोळ्यावर पडत होता. दिवा लागला की डोळा आवाज दाबतो. साडूचा एवढा मोठा दिवा त्याच्या तोंडावर होता. तो बिचारा जीव खाऊन दाबत होता.

काळी नळी. बाल्कनी. बारीक अक्षर. सगळं एकदमच माझ्या डोक्यात आलं. मला वाटलं, स्टेजवर एखादी फळी सैल असेल तर त्यातून खाली जावं. या माणसांसमोर, सरांसमोर, आपण आपल्या बायकोला नालायक ठरवलं, आणि तिची चूक काय? तर तिने माझ्यावर विश्वास ठेवला.

अजूनही पळवाट होती. ‘लाइनमध्येच गडबड’ म्हणून खाली उतरता आलं असतं. कोणाला काही कळलं नसतं. (साडूला कळलं असतं. पण तो बोलला नसता.) मी हिच्याकडे पाहिलं. ती रडत नव्हती. गिटार बाजूला ठेवायला जागा शोधत होती.

मी माइक ओढला.

“सर,” मी म्हणालो. माझा आवाज कोणत्याही यंत्राशिवाय उत्तम थरथरत होता. “बोटांची चूक नाही. लाइटची नाही. ही डबी मी केली आहे आणि तिच्यावर उजेड पडला की ती गप्प होते. झाकण काळं हवं होतं. माझा दिवा लोकांना दिसावा म्हणून मी काचेसारखं लावलं. हिने रोज सराव केलाय. बोटं बघा तिची. मी मघाशी बोललो ते खोटं होतं. मला लाज वाटते.”

कोणी हसलं नाही. त्याने तर जास्तच लाज वाटली.

“हां,” सर डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाले. “मग झाका ना काहीतरी त्यावर. मी थांबतो.”

मी खिशातला रुमाल डबीवर टाकला. हिने तार छेडली. आवाज आला, पण सरळसोट. मघाची थरथर नव्हती. मी झाकणाखाली डोकावलो. दिव्याची वायर तुटून लोंबत होती. मघाशी टक् झालं ते हेच होतं.

“थरथर कुठे गेली?” ती कुजबुजली.

“तुटली.”

“आता?”

घाबरून मी रुमाल उचलला. आवाज बंद. टाकला. आवाज चालू. उचलला, टाकला, उचलला, टाकला. आणि आम्ही दोघांनी एकदमच एकमेकांकडे पाहिलं.

“बसा खाली,” ती म्हणाली.

मी तिच्या पायाशी गुडघ्यांवर बसलो, हाताचा पंजा डबीवर धरला आणि हलवायला सुरुवात केली. सावली, उजेड, सावली, उजेड. ट्रेमोलो! तिने धून सुरू केली. मी कार्यालयातला एक जबाबदार माणूस, इस्त्रीच्या शर्टात, भरल्या हॉलसमोर, बायकोच्या पायाशी बसून माश्या हाकलल्यासारखा हात हलवत होतो. मागून आई शेजारच्या बाईला सांगत होती ते मला स्पष्ट ऐकू आलं, “नाही हो, आमच्याकडे एरवी असं काही नसतं.”

अर्ध्या धुनेत हात भरून आला. लय पडायला लागली.

“हळू होताय,” ती ओठ न हलवता म्हणाली.

“हात दुखतोय.”

“माझी बोटं दुखत नव्हती?”

मी हात बदलला. बदलताना आवाज क्षणभर दबला, मग दचकून पुढे आला. शेवटी तर दोन्ही हात लटपटत होते आणि थरथर अधूनमधून अडखळून पुन्हा सावरत होती. पण ती वाजवत राहिली. माझ्या अडखळण्याच्या मागेपुढे बोटं सांभाळत, धून शेवटपर्यंत नेली तिने. सर काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. डोळे मिटलेले आणि गालावरून पाणी.

टाळ्या पडल्या तशी मी पटकन उठून बाजूला झालो. सरांनी डोळे उघडले, हिला जवळ बोलावलं आणि तिच्या बोटांवरचे घट्टे चाचपून पाहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “चालली म्हणायची तुमची डबी, जावईबापू!” मी मान खाली घालून हो म्हणालो. दोन्ही हात खिशात लपवले होते, कारण ते अजून थांबले नव्हते.

घराच्या दारात आल्यावर ही एवढंच म्हणाली, “माइकवर बोललात ते बरं केलंत. पण त्याआधी जे बोललात, ते मी विसरणार नाही.” मी म्हणालो, “विसरू नकोस.” आईने मात्र बटणं मागितली. मी मोजा दिला. ती त्या मोज्याकडे ज्या नजरेने बघत राहिली, त्या नजरेचं वर्णन मी गाळतो.

कार्यक्रम झाल्यावर दोन दिवसांनी एक खोकं आलं. आत दुकानातलं पेडल आणि दोन नव्या वायरी. लोखंडी, काळं, चहूबाजूंनी बंद. साडूने ते त्या चहाच्या दिवशीच, माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत मागवून ठेवलं होतं. वाटेत अडकलं, म्हणून उशीर झाला. याबद्दलही तो काही बोलला नाही.

मग एका रविवारी सकाळी सरांचा फोन आला. तिकडे करमत नव्हतं. “ती धून पुन्हा ऐकव गं,” म्हणाले. हिने फोन खुर्चीवर ठेवला आणि नव्या पेडलवर धून वाजवली. एकसारखी, स्वच्छ, न अडखळता. मी दारात उभा राहून ऐकत होतो आणि कबूल करतो, फार सुंदर वाटली.

“छान,” सर म्हणाले. “पण त्या दिवशीचं ते नाही. त्या दिवशी आवाज मधेच दमायचा, थांबायचा, मग दचकून पुढे यायचा. जिवंत होता अगदी. ते यंत्र टाकलं नाहीस ना?”

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी बाल्कनीकडे पाहिलं. पण तिने तोवर टेबललॅम्प लावलाही होता. आईने निमूटपणे डबी आणून दिली. (बटणं अजून मोज्यातच होती. डबीच्या दोन्ही बाजूंनी वायरी लोंबत असल्यामुळे ती आता दुसऱ्या कशाच्याच कामाची उरली नव्हती.) मी गुडघ्यांवर बसलो. धून सुरू झाली. हात दमला, लय अडखळली, मी हात बदलला.

“आता बरोबर!” फोनमधून सर आनंदाने म्हणाले. “जावईबापूंनी झकास केलंय हो यंत्र. मला पण असलं एक हवं होतं. दुसरं मिळेल का?”

माझी छाती पुन्हा थोडी फुगली. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

“नाही, सर,” बायको माझ्याकडे बघत म्हणाली. “जुनं मॉडेल आहे. वाजतं बरं, पण मधेच बोलतं, म्हणून दुसरीकडे कोणी ठेवून घेतलं नाही.”